झडप

मार्वेच्या धक्क्यावरून मनोरीला जाणारी फेरीबोट
पुढून उघडते. दोन दोर, एक कप्पी,
आणि लोखंडी झडप करकरत चिखलाला टेकते.
स्कूटरी उतरतात, मागून कोळंबीच्या टोपल्या,
शाळेची पोरं,
फोटोग्राफर बरोबर घेतलेलं एखादं लग्नाळू जोडपं.
दोर सोडायचं काम माझं. एकवीस वर्षं झाली.

इनास आजा मागे इंजिनापाशी बसायचा,
हातात बांबू, बांबूवर हातहातभर अंतरानं
चाकूनं पाडलेल्या खुणा.
झडप पडली की सगळ्यांना थोपवून पुढे यायचा,
बांबू पाण्यात रोवायचा, खूण बघायचा,
मग म्हणायचा, "उतरा."
लोक हसायचे. घोटाभर तर पाणी.

याच किनाऱ्यावर त्याला शिकवलं होतं
सपाट तळाच्या बोटी वाळूवर चढवायला.
सुरूंच्या खाली तंबू, तंबूत पंजाबातली पोरं,
समुद्र आयुष्यात पहिल्यांदा बघणारी,
पाठीवर ओझं, तोंडात ओकारी.
दिवसातून नऊ वेळा मार्वेवर हल्ला.
शत्रू म्हणजे बोंबील वाळत घालणाऱ्या आमच्या बायका.
"मेल्यांनो, वलांडी मोडलीत!" त्या ओरडायच्या,
आणि नऊच्या नऊ वेळा हरायच्या.
बचित्तर म्हणून एक होता. रोज विचारायचा,
हे पाणी खाली कुठं संपतं?

मग खरा किनारा, आराकानचा.
आजा म्हणायचा, हुबेहूब आपली खाडी,
तीच तिवरं, तोच काळा चिखल, तोच वास.
वाटलं, आपल्याच घरावर चालून चाललोय.

साहेबाकडे भरतीचं छापील कोष्टक.
आजाकडे पहाटेचा चंद्र, अष्टमीचा, अर्धा.
भांगेचं पानी हाय, सायब, ते चढनार नाय.
बोट लागली ती किनाऱ्याला नाय, मधल्या दांड्याला लागली.
पलीकडं बांबूभर खोल हाय.
साहेबानं घड्याळ पाहिलं.
फौजेला घालायची होती ती झडप वेगळी,
आजाच्या हातातली वेगळी.
त्यानं हातातली सोडली.

गोळी एकही सुटली नाही.
पहिली रांग उतरली
आणि पाण्यावर नुसती गोल वलयं.
दुसरी तिच्यावरून.
तिसऱ्या रांगेत बचित्तर. त्यानं वळून
आजाकडे पाहिलं, उतरताना कुणीही बघतं तसं:
इथंच ना?

आजानं मान हलवली.

का हलवली, हे त्यानं सांगितलं नाही.
आजीला नाही, पाद्रीला नाही,
ताडी डोक्यात चढल्यावरही नाही.
एवढंच म्हणायचा की बोट हलकी झाली होती,
म्हणून दांड्यावरून सहज सुटली,
आणि दुसरी खेप भरायला तो वेळेवर पोचला.
कागदावर लिहून आलं: उतरण बिनविरोध.
पुढे गावात मच्छीमार सोसायटीची निवडणूक बिनविरोध झाली
तेव्हा आजा हार बाजूला सारून
भर सभेतून उठून गेला होता.
लोकांना वाटलं, चेअरमन व्हायचं होतं म्हाताऱ्याला.

तो गेला त्याला बारा वर्षं झाली.
बांबू बोटीतच आहे. कुणी त्यावर टॉवेल वाळत घालतं,
कुणी त्यानं कुत्री हाकलतं.
खालच्या दोन खुणा शेवाळानं बुजल्यात.

काल भांगेची ओहोटी. बोट अलीकडेच टेकली.
पुढच्या स्कूटरवरची मुलगी, मागे तिची आई,
आईच्या मांडीवर केक. मुलीनं इंजिन चालू केलं,
वळून विचारलं,
"काका, इथंच ना?"

रोज शंभरदा हलते ती मान.
काल मानेतच अडकली.
मी तिला हातानं थांब म्हटलं
आणि टॉवेलाखालून बांबू ओढायला लागलो.
मागून सगळे हॉर्न वाजवत होते.